माया बेची बंदी

माया बेला आता समोरून जाता येत नाही. थायलंडच्या अंदमान समुद्रातल्या फी फी ले बेटाची ही जगप्रसिद्ध खाडी. तिन्ही बाजूंना चुनखडीचे सरळसोट कडे, मधे उथळ हिरवं-निळं पाणी, आत अर्धचंद्राकार पांढरी वाळू. फोटोत दिसते ती समुद्राकडची बाजू आता तरंगत्या बोयांच्या रांगेने अडवलेली आहे. स्पीडबोट तिच्या बाहेरूनच बेटाला वळसा घालते, मागच्या लो सामा खाडीत तरंगत्या जेटीला लागते आणि तिथून झाडीतल्या लाकडी पायवाटेने चालत किनाऱ्यावर पोहोचायचं. पोहोचल्यावरही पोहायला बंदी. पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरा, त्यापुढे गेलात की रक्षक शिट्टी वाजवतो. एका फेरीला जास्तीत जास्त ३७५ माणसं, वेळ तासभर.

आमच्या बोटीवरच्या बऱ्याच जणांना हे रुचलं नाही. एवढे पैसे भरून फुकेटहून यायचं आणि पाण्यात डुबकीही नाही, अशी कुरकुर चार-पाच भाषांत ऐकू येत होती. मला मात्र त्या शिट्टीचा आवाज आवडला. त्या दिवशी आम्ही जी बेटं पाहिली, त्यांत सगळ्यांत जास्त मन रमलं ते याच अडवलेल्या किनाऱ्यावर.

२००० साली लिओनार्डो डिकॅप्रिओचा एक चित्रपट आला, त्याचं चित्रण इथे झालं होतं. चित्रीकरणासाठी वाळूचे उंचवटे सपाट केले, जागेवरची झाडं काढून नारळ लावले. त्यावरून कोर्टात गेलेलं प्रकरण वीस वर्षांहून अधिक चाललं. पण खरा घाव त्यानंतरच्या गर्दीने घातला. ऐन हंगामात दिवसाला ५,००० पर्यंत माणसं या इवल्याशा किनाऱ्यावर उतरत. बोटी थेट वाळूपर्यंत यायच्या, नांगर प्रवाळावर पडायचे, पंखे तळ ढवळून काढायचे. खाडीतलं बहुतेक प्रवाळ मेलं. अखेर १ जून २०१८ ला माया बे बंद केली. आधी चार महिन्यांसाठी, मग बेमुदत. ती उघडली थेट १ जानेवारी २०२२ ला. मधल्या काळात माणसांनी हाताने हजारो प्रवाळ तळाशी लावले. आणि आजही दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही खाडी पुन्हा बंद असते.

गाईडने हे सगळं बोटीतच सांगितलं होतं. तिशीतली मुलगी, उन्हाने रापलेली, इंग्रजी मोजकं पण स्पष्ट. मी ते आत्याला मराठीत सांगत होते. दोन महिने बंद असते म्हटल्यावर आत्या पटकन म्हणाली, "म्हणजे हेंची पण बंदी आसा!"

आत्या मालवणची. सासर दांडीला, मालवणच्याच किनाऱ्यावर. तिच्या यजमानांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा होता, आणि ती स्वतः उभ्या आयुष्यात मालवणच्या बाजारात मासे विकत आली. बंदी हा शब्द तिला कुणी समजावून द्यावा लागत नाही. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हा झाला सरकारी हिशोब. त्याच्या कितीतरी आधीपासून पावसाळा लागला की होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय पाण्यात घालायच्या नाहीत, ही रीत होती. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, मासा अंड्यावर असतो हे दुसरं. त्या दोन महिन्यांत घरात सुकी मासळी असते, जाळी विणली जातात, उसनवारी होते, भांडणंही होतात. पण बंदी पाळायची असते. आत्याच्या बोलण्यात त्याबद्दल तक्रार मी कधी ऐकलेली नाही. जे कोणी चोरून जातात त्यांच्याबद्दल मात्र पुष्कळ ऐकलं आहे.

माया बेच्या वाळूवर ती पदराशी चाळा करत उभी होती आणि एकदम तिने माझा दंड धरला. "गो बाय, ही तर मोरी!"

पाणी टाचभर खोल असेल तिथे, हातभर लांबीची काही पिल्लं गोल गोल फिरत होती. राखाडी-तपकिरी अंग, पाठीवरच्या परावर शाईत बुडवून काढल्यासारखं काळं टोक. ब्लॅकटिप रीफ शार्क. मालवणात छोट्या शार्कला मोरी म्हणतात. मोरीचं मटण ज्यांनी खाल्लं आहे त्यांना ती ताटातच माहीत असते. आत्याने तर आजवर शेकडो विकल्या असतील, कापून, तुकडे करून, वजनावर. जिवंत मोरी पायाजवळून जाताना तिने पहिल्यांदाच पाहिली. ही जात माणसाच्या वाटेला जात नाही. पूर्ण वाढली तरी साधारण दीड मीटरची होते, आणि पिल्लं असल्याच उथळ, सुरक्षित पाण्यात लहानाची मोठी होतात. खाडी बंद झाल्यावर काही महिन्यांतच हे शार्क आपणहून परतले. कुणी आणून सोडले नाहीत. माणसांची वर्दळ थांबली, एवढंच झालं.

"हय कोण मारीत नाय, म्हणान कडेक येतत," आत्या म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. आमचा तास संपेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो. फोटो काढायला मी विसरले नाही, पण पाण्यावरच्या चकाकीमुळे एकाही फोटोत मोरी दिसत नाही.

आता थोडं सकाळबद्दल. फुकेटच्या पूर्व किनाऱ्यावरून बोट सुटते तेव्हा चपला एका मोठ्या टोपलीत गोळा करतात, त्या परत आल्यावरच मिळतात. बोट लागू नये म्हणून गोळी देतात. गरोदर बाई आणि पाठीचं दुखणं असलेल्यांना घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण तीन इंजिनं लावलेली बोट उघड्या समुद्रात लाटेवरून लाटेवर आपटत जाते. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला बसलं तर मणक्याला प्रत्येक लाट कळते. आत्याला हे न सांगता ठाऊक होतं, ती आधीच मागे जाऊन इंजिनांजवळ बसली. तासाभराचा प्रवास. तिचं सगळं लक्ष सुकाणूवरच्या माणसाकडे होतं. तो लाट तिरकी घेतो, तोंडावर येणाऱ्या मोठ्या लाटेआधी वेग कमी करतो, हे तिने मला कौतुकाने दाखवलं.

फी फीच्या जवळ गेल्यावर लांब शेपटीच्या लाकडी होड्या दिसू लागल्या. या होडीच्या पाठीमागे इंजिनाला लांब दांडा आणि त्याच्या टोकाला पंखा असतो, म्हणून ते नाव. प्रत्येकीच्या उंच नाळेला रंगीबेरंगी कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या. होडीची राखणदार देवी मे या नांग, तिचा तो मान. नाळेवर पाय द्यायचा नाही, त्यावरून ओलांडायचं नाही. गाईडने हे सांगताच आत्याने हात जोडले. नारळी पौर्णिमेला दांडीच्या होड्यांना हळद-कुंकू आणि हार घालणाऱ्या बाईला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

स्नॉर्कलिंग हा भाग आत्यासाठी नाही, असं मी घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं. तिला पोहता येत नाही. समुद्रावर जगलेल्या कित्येक बायकांना येत नाही. पण गाईडने लाइफ जॅकेटचे पट्टे तिच्या अंगावर आवळले, बेल्ट पायांतून घेतला आणि मला विचारलंच नाही, थेट आत्याला विचारलं. आत्या म्हणाली, "माका काय दिसाचा नाय." गाईडला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिने मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळली, पाण्यात एकदा खंगाळला, म्हणजे काचेवर वाफ धरत नाही. मग मास्क आत्याच्या तोंडाला लावला. केसांची बट आत अडकली तर पाणी शिरतं, म्हणून बोटांनी एकेक बट मागे सारली. टिकलीही आड येत होती. आत्याने ती काढून बोटीच्या खांबाला चिकटवली.

आधी शिडीवर बसून नुसतं तोंड पाण्यात घालायचं. नळीतून श्वास घ्यायचा, नाकाने नाही. दोनदा आत्या खोकत वर आली. तिसऱ्यांदा तोंड पाण्यात राहिलं. गाईडने गोल ट्यूबची दोरी स्वतःच्या मनगटाला बांधली, आत्याचे दोन्ही हात ट्यूबवर ठेवले आणि हळूहळू तिला ओढत नेलं. मी शेजारून तरंगत होते.

वरून पाहिलं तर नुसतं हिरवं पाणी असतं. तोंड खाली घातलं की खालची वस्ती दिसायला लागते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे थव्याने अंगाभोवती फिरतात, त्यांना भीती अशी नाही. मातकट दगडासारख्या प्रवाळाच्या कपारीत एक गोबरा मासा तोंड उघडं टाकून निवांत होता. लांब काट्यांचे काळे समुद्री अर्चिन, त्यांच्यावर पाय पडला तर दिवस फुकट जातो. आणि प्रवाळात रुतून बसलेला एक प्रचंड शिंपला, त्याचे लाटांसारखे दुमडलेले ओठ निळे-जांभळे, वर सावली पडली की मिटणारे. आत्याने तो पाहिला आणि नळीतूनच काहीतरी ओरडली. वर आल्यावर कळलं, ती म्हणत होती, "एवढी मोठी तिसरी!" तिसरी म्हणजे आमच्याकडचा छोटा शिंपला.

पाण्याखाली शांतता असते असा माझा समज होता. तसं नाही. सारखी कुरकुर चालू असते, कडक काहीतरी चावल्याचा आवाज. तो पोपट माशांचा. निळसर-हिरवा, गुलाबी छटा असलेला मासा, दात चोचीसारखे जुळलेले. तो प्रवाळावरची शेवाळं खरवडतो, त्याबरोबर चुनखडीचा चुरा गिळतो आणि मागून तो वाळू होऊन बाहेर पडतो. आमच्या डोळ्यांदेखत एका माशाने पांढरी रेघ सोडली. काही मोठ्या जातींचा एक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू तयार करतो. या बेटांची पांढरी वाळू, जिच्यासाठी लोक हजारो मैल येतात, तिचा काही भाग अशा माशांच्या पोटातून आलेला आहे. गाईडने बोटीवर हे हातवारे करून सांगितलं तेव्हा आत्या इतकी रंगली, की तिने मला तेच पुन्हा विचारायला लावलं.

पाण्यात उतरण्याआधी गाईडने बजावलं होतं: प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही, माशांना काही खायला घालायचं नाही. सनस्क्रीनची बाटली प्रत्येकाची तिने वाचून पाहिली. ऑक्सिबेन्झोनसारखी चार रसायनं असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून चालत नाही, दंड एक लाख बाहतपर्यंत आहे. एका तरुणाने खिशातून पाव काढला, तोही तिने काढून घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, पण सूटही नव्हती.

ती एवढी कडक का, हे प्रवाळाचं जगणं समजलं की कळतं. ज्याला आपण दगड समजतो तो असंख्य बारीक जिवांनी बांधलेला वाडा आहे. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, तेच त्यांना अन्न आणि रंग देतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, तर हे शेवाळं बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. तसंच राहिलं तर उपासमारीने मरतं. अंदमान समुद्राने २०१० साली हा फटका फार जोरात खाल्ला, २०२४ मध्ये तर जगभरच्या समुद्रांवर तीच वेळ आली. आम्ही पाहिलं त्यातलंही कितीतरी राखाडी, मेलेलं होतं, शेवाळाने माखलेलं. फांद्याफांद्यांचं प्रवाळ वर्षाला काही इंच वाढतं, पण गोल, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटर. पुरुषभर उंचीचा असा गोळा १८५७ च्या उठावाच्या सुमारास सुरू झालेला असू शकतो. त्यावर एका माणसाने टेकायला पाय ठेवला की त्याचा वरचा जिवंत पापुद्रा तिथे मरतो. समुद्राचं तापमान त्या गाईडच्या हातात नाही. आमचे पाय आहेत, आणि तिच्या हातात होतं तेवढं तिने केलं.

पिलेह लगूनमध्ये आम्ही पोहलो, चारी बाजूंनी कडे असलेलं ते पाणी खरोखर सुंदर आहे, पण त्यात बोटींची एवढी दाटी होती की डिझेलचा वास नाकात बसला. व्हायकिंग केव्ह बाहेरूनच पाहिली. आत बांबूच्या उंच परांच्या बांधलेल्या असतात, त्यावर चढून पाकोळ्यांची घरटी काढतात. पाकोळी आपल्या लाळेने ते घरटं बांधते आणि चिनी सूपसाठी त्याला सोन्यासारखा भाव येतो.

जेवण फी फी डॉनवर होतं. दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची चिंचोळी पट्टी, असं हे थोरलं बेट आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी या पट्टीवर दोन्हीकडून आली. थायलंडमध्ये त्या दिवशी पाच हजारांहून अधिक माणसं गेली. आज तिथे हॉटेलं, डायव्हिंगची दुकानं आणि उंचावर पळायची दिशा दाखवणाऱ्या निळ्या पाट्या आहेत. गाईडने त्यातली एक पाटी जेवणाआधी दाखवली, वाट कुठून जाते तेही दाखवलं, मग जेवायला बसवलं. याच समुद्रातल्या मोकेन लोकांकडे माणसं गिळणाऱ्या लाटेची गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. २००४ मध्ये पाणी अचानक ओसरलं तेव्हा सुरिन बेटांवरचे मोकेन ती गोष्ट आठवून डोंगरावर गेले आणि वाचले.

परतीच्या वाटेवर आत्याने गाईडला मधे घालून सुकाणूवाल्याची उलटतपासणी घेतली. तो क्राबीकडचा, मासेमारांच्या घरातला. त्याने सांगितलं, त्यांच्याकडेही एप्रिल ते जून मोठ्या मासेमारीला बंदी असते. माया बे बंद झाली तेव्हा होडीवाल्यांनी आरडाओरडा केला होता, धंदा बुडेल म्हणून. आता तोच म्हणतो, मोरी दाखवायला मी माणसं आणतो. आत्या म्हणाली, "सोडल्याशिवाय गावतला खयसून?" सोडल्याशिवाय मिळणार कुठून? हे मी भाषांतर करून दिलं नाही, तरी तो हसला.

माझ्या डोक्यात तोवर मालवण घोळायला लागलं होतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला प्रवाळ आहे, मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्येच जाहीर झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांनी त्याला विरोध केला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: बंदीची झळ कायम आमच्याच चुलीला का? आज त्याच पाण्यात सुट्ट्यांमध्ये स्नॉर्कलिंगच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात. मासे गोळा व्हावेत म्हणून पाव टाकलेला मी पाहिला आहे, व्हिडिओ चांगला यावा म्हणून प्रवाळावर उभी राहिलेली माणसं पाहिली आहेत. तिथली गाईड पोरं फार हुशार आहेत, पाण्यात माशासारखी वावरतात, त्यांतली कितीतरी मच्छीमारांच्या घरातली आहेत. त्यांना माहीत नाही असं काही नाही. पण पर्यटकाला नाही म्हणायचं बळ एकट्या पोराला कुठून येणार? शेजारची बोट हो म्हणत असताना? पावसाळ्यात जलक्रीडा आपल्याकडेही बंद असतात, पण ते माणसाच्या जिवासाठी. पाण्याखालच्यांसाठी म्हणून एकही दिवस राखून ठेवलेला नाही.

नांगराऐवजी कायमच्या बोया बांधाव्यात, एका वेळी किती बोटी हे ठरवावं, किल्ल्याजवळचा एखादा तुकडा आळीपाळीने बंद ठेवावा आणि त्या काळात गाईड पोरांना प्रवाळ मोजायचं, राखायचं काम पगारावर द्यावं. माया बेच्या रक्षकाच्या पगाराला पर्यटकाच्या ४०० बाहतच्या प्रवेश फीचा आधार आहे. मालवणला आलेला पुण्या-मुंबईचा माणूस एवढे पैसे देईल. मी तर आनंदाने देईन. मच्छीमार पिढ्यान् पिढ्या दोन महिने हात बांधून बसले आहेत, आता पर्यटनाची पाळी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुकेटच्या दक्षिण टोकाला रावाईला गेलो. तिथे उराक लावोई या समुद्रावरच्या जमातीची वस्ती आहे आणि तिला लागून मासळी बाजार. मासा निवडायचा, समोरच्या खानावळीत द्यायचा, ते शिजवून देतात. आत्या बाजारात शिरली आणि तिचं चालणंच बदललं. कल्ले उघडून पाहिले, डोळे दाबून पाहिले, एका विक्रेतीकडे पाहून मान हलवली, दुसरीकडे थांबली. बर्फावर निळसर-हिरवे पोपट मासे रांगेने मांडलेले होते, ताजे, चांगल्या भावात. खानावळवाला तेच घ्या म्हणत होता.

"ह्यो नको," आत्या म्हणाली. "ह्यो वाळू करता."

तिने माकूल, म्हणजे स्क्विड, घेतलं, त्यावर घासाघीस करून मूठभर कोळंबी वरून मिळवली, आणि खानावळीत तिखट जास्त घालायला सांग म्हणून मला पिटाळलं.